सकाळी हादरणारा बर्फ

चारुदत्त सरांचं बर्फाबद्दल एक मत होतं आणि ते त्यांनी लग्नाच्याही आधीपासून जपलं होतं. ध्रुवाकडचा बर्फ रोज ठरलेल्या वेळी हादरतो, असं ते मत. उन्हाळ्यात ऊन चढतं-उतरतं तेव्हा बर्फ तडकतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सर म्हणत, भर हिवाळ्यात, महिनोन्महिने सूर्य उगवतच नाही तेव्हासुद्धा बर्फ घड्याळ पाळतो. का पाळतो, याची त्यांच्याकडे वाऱ्यापासून हवेच्या दाबापर्यंत ढीगभर कारणं होती. पुरावा तेवढा नव्हता.

हे मत ज्याला सगळ्यात हास्यास्पद वाटे, तो माणूसही मराठीच निघाला. मॉन्ट्रियलचे दीनानाथ. दोघं एकाच सुमारास कॅनडात आले, एकच विषय शिकवू लागले आणि पहिल्याच परिषदेत दीनानाथांनी भर सभेत सरांची टोपी उडवली. सभा हसली. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. मराठी अधिवेशनात एक पंगतीला बसला की दुसरा हात धुवायला उठायचा.

यामिनी सांगलीहून वॉटर्लूला पीएचडीला आली ती नेमकी सरांच्या हाताखाली. तीच त्यांची शेवटची विद्यार्थिनी, कारण त्या वर्षी ते रिटायर होणार होते. म्हणून २०१७च्या जानेवारीत, सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ बायको, डॉक्टर आणि विभागप्रमुख अशा तिघांच्या नाकावर टिच्चून कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुतच्या एका बेटावर, बर्फावर उभारलेल्या लाकडी खोपटात जाऊन बसला. सोबतीला संजय नावाचा तंत्रज्ञ होता. दुपारपर्यंत झोपणं ही त्याची खासियत.

बारीकसारीक हादरे टिपणारं यंत्र त्यांनी खोपटाच्या भिंतीला लागूनच बर्फात पुरलं. नियमाप्रमाणे ते लांब पुरायला हवं होतं, पण तसल्या थंडीत लांब जाऊन खड्डा कोण खणणार? यंत्राने टिपलेलं सगळं उपग्रहामार्फत वॉटर्लूला यामिनीच्या पडद्यावर उमटायचं.

आणि काय आश्चर्य! रोज सकाळी एकामागून एक, सारख्या अंतराने छोटे छोटे हादरे यायचे आणि मग सगळं शांत व्हायचं.

"आले ना गं? रोज येतात ना?" सर सॅटेलाइट फोनवर ओरडायचे. "आता त्या दिन्याला तोंड लपवायला जागा नाही!"

यामिनीही हरखली. असा शोध प्रबंधात असल्यावर पदवी वेळेत मिळणार, पुढे नोकरी, कॅनडात कायम राहायचा पीआर, सगळंच मार्गी लागणार. हे सगळं मांडायचं ती मे महिन्यातली परिषद मॉन्ट्रियललाच होती, म्हणजे दीनानाथांच्या दारात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एके सकाळी तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हादरे आले. सर फोनवर अक्षरशः नाचले. त्यानंतर काही दिवस मात्र रेघ सरळच राहिली. हवा बदलली असेल, असं सर म्हणाले. यामिनीने तसं लिहूनही टाकलं.

त्याच महिन्यात एका शनिवारी ती ओकव्हिलला सरांच्या घरी जेवायला गेली. सरांच्या पत्नी शोभाकाकू अधूनमधून तिला बोलावून पोटभर खाऊ घालत.

"तुझ्या सरांची बॅक गेली होती, कळलं का?" आमटी वाढता वाढता काकू म्हणाल्या. "कम्प्लीटली! उठता येईना. मी फोनवर असं झापलंय ना! जिथे सूर्यच नाही तिथे सूर्यनमस्कार कशाला हवेत, सांग मला. आणि तेही तालमीतले, दोन्ही पाय दाणकन मागे फेकून. इथे बेसमेंटमध्ये घालतात तेव्हा माझ्या किचनमधले कप वाजतात. रथसप्तमीला म्हणे जोशात डबल घातले. मग काय, बसले झोपून."

यामिनीचा घास हातातच राहिला.

"काकू, मग नमस्कार किती दिवस बंद होते?"

"संजय घालू देईना ना. आता परत सुरू केलेत. ऐकतात का कुणाचं?"

घरी येऊन तिने ताडून पाहिलं. रथसप्तमी, पाठ धरली ते दिवस, पुन्हा सुरुवात, सगळं तंतोतंत जुळलं. बर्फ बिचारा गप्प पडून होता. हादरत होते ते नव्वद किलोचे चारुदत्त सर.

ही गोष्ट जगात तिला एकटीलाच ठाऊक होती. मूग गिळून बसली असती तर पदवी खिशात होती, सरांचं आयुष्यभराचं स्वप्नही पुरं झालं असतं. तिला सरांचा राग आला, स्वतःचा आला, न उगवणाऱ्या सूर्याचासुद्धा आला. दोन दिवस तिने फोनच उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला.

"सर, सकाळी नमस्कार कुठे घालता?"

"खोपटात. बाहेर काय अस्वलांसमोर घालू?"

"उद्या घालू नका, सर. प्लीज."

सर हट्टी होते, पण मूर्ख नव्हते.

"म्हणजे तो बर्फ नव्हे," ते हळूच म्हणाले. "तो मी."

यामिनीला रडू फुटलं. सरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर रेघ सरळ होती, तिसऱ्या दिवशीही सरळ. सरांनी तिला एवढंच कळवलं की आपले हादरे वगळून उरलेलं सगळं नव्याने तपास. तिने तपासलं. उरलेले खरे हादरे इवलेसे होते आणि त्यांना वेळ-काळ काही नव्हता.

सर परिषदेतून नाव काढून घेतील, असं तिला वाटलं होतं. पण मे महिन्यात ते मॉन्ट्रियलच्या स्टेजवर उभे राहिले आणि त्यांनी आधी सकाळचे हादरेच दाखवले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेत दीनानाथ हाताची घडी घालून बसले होते.

"बॉन. आणि सोर्स काय, चारू?" त्यांनी फ्रेंच-इंग्रजी मिसळून विचारलं.

सरांनी कोट काढला, यामिनीकडे दिला, हात जोडले, वाकले आणि दोन्ही पाय दाणकन मागे फेकले. लाकडी स्टेज दणाणलं. टेबलावरचा ग्लास आडवा झाला.

"दॅट इज द सोर्स," सर जमिनीवरूनच म्हणाले.

क्षणभर कुणाला काही कळेना, मग सगळं सभागृह फुटलं. लोक डोळे पुसून पुसून हसत होते. यामिनीला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं, कारण सरांची पाठ पुन्हा धरली होती आणि ते उठू शकत नव्हते.

ती धावली, पण दीनानाथ तिच्या आधी पोचले. एवढी वर्षं या क्षणासाठी राखून ठेवलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"दिन्या," सर मराठीत म्हणाले, "तुझंच बरोबर होतं रे. पहिल्यापासून."

दीनानाथांचे डोळे भरून आले. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ते सरांच्या शेजारी खाली बसले.

"लागलंय का फार?" त्यांनी विचारलं.

"पुढचं ही सांगेल," सर म्हणाले. "खरं काम हिचं आहे. ऐक नीट."

आता दोघांनाही उठता येत नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांना तसंच स्टेजवर बसू देऊन यामिनीने माईक हातात घेतला आणि बर्फाबद्दल बोलायला सुरुवात केली.