कानातली वायर

त्या रविवारी मी घरात पाय ठेवला तशी आईने विचारलं, "नवा आला म्हनत होतीस ना? मंग टाक ना त्याच्यात."

मी अहेरीला कॉलेजात शिकवते. गडचिरोलीला बस बदलून गावी पोचेपर्यंत दुपार होते. पाणी प्यायच्या आत आईने पदराला लावलेला गाण्यांचा प्लेअर काढून माझ्या हातात ठेवला. काडेपेटीएवढा, काळा, मागे चिमटा. कडा घासून पांढऱ्या झालेल्या. माझा भाऊ धनराज याने कधीकाळी गडचांदूरला कामावर असताना घेतला होता. मोबाइल आल्यावर त्याने तो फेकायला काढला, आईने उचलला, आणि तेव्हापासून तो तिचा डब्बा.

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी, उन्हाळ्यात मोहाची फुलं, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यात भाताचा रोवणा. आईचे हात दिवसभर ओले असत. ओल्या बोटाला मोबाइलची काच ओळखत नाही. प्लेअरला बटणं होती, ती मासोळीच्या हातानेही दाबली जात. म्हणून तो चांगला, असं आईचं पहिलं म्हणणं. नंतर कारणं वाढत गेली. रेंज लागत नाही. बॅटरी मरत नाही. मधेच कोणी फोन करून गाणं तोडत नाही.

तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पडद्यावरच्या अक्षरांचा उपयोग नव्हता. मी शोधत गेले आणि मला रॉकबॉक्स सापडलं. प्लेअरसोबत आलेलं सॉफ्टवेअर बाजूला सारून त्या जागी हे बसवायचं. जगभरातली हौशी माणसं फावल्या वेळात ते लिहितात आणि फुकट देतात. त्याची खुबी ही की ते बोलतं. बटण दाबून ज्या ओळीवर जाल ती ओळ वाचून दाखवतं. मराठी त्यात नव्हती, म्हणून एकेक शब्द मी माझ्या आवाजात नोंदवून घातला. मागे. पुढे. आवाज. रोवण्याची गाणी. भजनं. बॅटरी कमी.

आईला हे कळलं तेव्हा तिने विचारलं होतं, "त्या लोकायले पगार कोन देते?"

"कोणी नाई."

"मंग त्यायच्या बायका बोलत नसन का?"

पण त्या माणसांविषयी तिला फार आदर होता. मासोळी विकायला बाजारात बसली की शेजारणीला सांगायची, साता समुद्रापलीकडचे लोक आपल्या डब्ब्यासाठी जागरण करतात. नवी आवृत्ती पाच-सहा वर्षांनी आली होती. धनराजजवळ मी निरोप दिला आणि आईला धीर धरवेना.

नवी आवृत्ती घातली की जुना आवाज चालत नाही, तो नव्याने जुळवावा लागतो. काही शब्द नवे आले होते, तेही बोलायचे होते. मी आतल्या खोलीत बसून बोलत होते, बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. तेवढ्यात शेजारची मंगलीकाकी टोपलं घेऊन आली.

"का करून राह्यली वो पोरगी? भिंतीसंगं बोलते?"

"डब्ब्याले शिकवून राह्यली," आई म्हणाली. मंगलीकाकीच्या ओठांकडे बघत.

"डब्बा शिकला, तू नाई शिकली."

"मी शिकली असती तं तुह्यासंगं मोह येचाले कोन आली असती?"

दोघी हसल्या. उद्या पहाटे कोणत्या बाजूने जायचं ते ठरवून काकी गेली. संध्याकाळी काम झालं. आईने वायर कानात घातली, बटणं दाबली, आणि नव्या आवृत्तीतला माझा आवाज ऐकून मान डोलावली. "साफ आहे," म्हणाली. एवढंच तिचं शेवटचं कौतुक. कौतुक त्या लोकांचं, की माझं, हे मी विचारलं नाही.

आईला ऐकू येत नव्हतं. हे घरात फक्त मला माहीत होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की बारीक, चिरके आवाज तिच्या कानातून आधी गेलेत, बाकीचे हळूहळू जातील. माणसं बोलतात ते तिला भिंतीपलीकडून बोलल्यासारखं यायचं. कानाला यंत्र लावा, म्हणाला. आईने बाहेर येऊन झाडाखाली माझा हात धरला. "कोनाले सांगजो नोको. तुले माही आन हाये."

कारण मला माहीत होतं. आमच्याकडे मोह वेचायला बाया पाचसहा मिळून जातात. झाडं वाटलेली असतात. जी ती आपल्या झाडाखाली, एकमेकींना दिसतही नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकीने हाळी द्यायची, "हूऽऽ", आणि बाकीच्यांनी ती फिरवायची. एकीचा आवाज आला नाही तर सगळ्या वेचणं सोडून तिच्याकडे. वाघाच्या रानात एवढाच बंदोबस्त. जिला हाळी ऐकू येत नाही तिला कोणी नेत नाही. आईच्या एका नणंदेचे कान गेले तशी ती कायमची ओसरीवर बसली, मरेपर्यंत. आई म्हणायची, "मी घरी बसून का भाजू?"

मग तिने तिच्या युक्त्या काढल्या. ती फार बोलायला लागली. आपणच बोलत राहिलं की समोरच्याचं ऐकावं लागत नाही. रानात ती कोणाची वाट न बघता मनाने हाळी द्यायची, सारखी. बाकीच्या म्हणायच्या, गोकुळाबाईसारखी हुशार कोणी नाही. आणि गावात वायर. कोणी हाक मारली, तिने ओ दिली नाही, कोणी खांदा हलवला, की ती कानातली वायर काढून दाखवायची. "गाना चालू होता न बापा." पुष्कळदा प्लेअर बंदच असायचा.

पण नेहमी नाही. हे मला सांगायला हवं. रॉकबॉक्समध्ये आवाजाचे वेगवेगळे पट्टे वर-खाली करता येतात. जे पट्टे तिच्या कानातून गेले होते ते मी शेवटपर्यंत वर नेले, आणि एका दुपारी तिने मला हाताने थांबवलं. रोवण्याचं गाणं चालू होतं, तिनेच प्लेअरवर भरलेलं, बांधीत उभं राहून. म्हणाली, "मागची बाई खोकलून राह्यली." ती खोकत होती. मलाही तोवर लक्षात आलं नव्हतं.

फोनवर तिला माझं बोलणं कळत नसे. समोर बसले तरी अर्धं ओठांवरून. माझा आवाज तिला नीट ऐकू यायचा तो त्या प्लेअरमधून. आणि त्यात मी मागे, पुढे, बॅटरी कमी, एवढंच बोललेले.

सोमवारी पहाटे ती मोहाला निघाली आणि मी बस पकडायला. गडचिरोलीच्या स्टँडवर धनराजचा फोन आला. मी समोरच्या बसची पाटी वाचत होते. फोन ठेवल्यावरही वाचत होते. आष्टी, आलापल्ली, अहेरी. मग पलीकडच्या फलाटावर जाऊन उलटी बस धरली. कंडक्टरने सुट्टे मागितले, मी दिले.

मला आईचा चेहरा दाखवला. बाकीचं कापडात होतं. मी पाहिलं आणि बाजूला झाले. बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

अंगणात मोहाला न गेलेले लोक बोलत होते. पहिल्यापासून एकच बोलत होते.

"त्या वायरनं घेतलं तिले."

"कानात बुच घालून जंगलात जाते का कोनी?"

पोलीसपाटील मुखरूभाऊ मला म्हणाले, "बाई, तूच भरून देत होतीस न गाने?" त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. धनराजच्या होता. तो म्हणाला, "तो डब्बा सापडला का नदीत टाकून देतो. राखेसंगं."

मी स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला प्लेअर होता. जंगलात ती तो कधीच नेत नसे. तिथे वायर दिसली असती तर बायांनी परत पाठवलं असतं. मी तो आणून धनराजच्या समोर धरला.

"हा तं घरीच आहे," मी म्हटलं.

बोलताना मला एवढंच वाटलं होतं की वायरीवरचा आळ जावा. गेला. आळ मात्र मोकळा फिरत नाही, तो दुसरीकडे बसतो. मग एकीने विचारलं, "वायर नोयती, तं मंग तिले आयकू काऊन नाई आलं?"

सगळ्यांनी मंगलीकाकीकडे पाहिलं.

काकीने सांगितलं ते असं. वाघ तिला नाल्याच्या काठाला दिसला. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गोकुळाऽऽ, पयऽऽ, रस्त्यावर पयऽऽ." पलीकडून गोकुळाचं "हूऽऽ" आलं. काकी समजली, ऐकलं. ती पळाली, बाकीच्याही पळाल्या. रस्त्यावर मोजणी केली तेव्हा गोकुळा नव्हती.

"आयकलं असतं तं तिथंच काऊन थांबली असती?" धनराज म्हणाला. "काकी, तू हाकच देली नाई. तू आपला जीव घेऊन पयाली."

"देली रे बाबू. तुही माय 'हू' म्हनली."

"वाघ समोर असताना कोन 'हू' म्हनते?"

बाकीच्या बाया त्या दिवशी फार दूर, रस्त्याच्या बाजूला होत्या, त्यांनी हाक ऐकली नव्हती, रस्त्याकडे पळत येणारी मंगली पाहिली होती. काकी माझ्याकडे वळून म्हणाली, "चंचल, तू तरी सांग. म्या कायले खोटं बोलू?" मी तिच्याकडे पाहिलं. मला पूर्ण दिसत होतं काय झालं ते. आई वाकून वेचत होती, आणि तिची वेळ झाली म्हणून तिने हाळी दिली. मी काही बोलले नाही.

पुढच्या दिवसांत सगळं व्हायचं तसं झालं. राख नदीत गेली. मी प्लेअर चार्जिंगला लावायचे, का ते माहीत नाही. एका दुपारी वायर कानात घातली. "रोवण्याची गाणी," माझा आवाज म्हणाला, त्याच्यामागे कोंबडी. मग गाणं लागलं. आईच्या कानासाठी लावलेले पट्टे तसेच होते. ते माझ्या कानात पत्रा घासल्यासारखे घुसले. मला सहन होईना. मी वायर काढली. जे मला टोचत होतं ते तिला गाणं होतं. तिच्याकडून किती गेलं होतं, आणि उरलेल्यात ती किती राहत होती, हे मला तोपर्यंत नीट कळलं नव्हतं.

मंगलीकाकीला त्या दिवसांत कोणी मोहाला नेलं नाही. ती एकटी तलावाच्या पाळीवर बसलेली दिसायची. कोणी बाई तिच्याजवळून गेली की मागून "हूऽऽ" असा आवाज काढायची, आणि पुढे जाऊन पदरात हसायची. काकी ऐकून घ्यायची.

मी बोलले नाही याचं कारण आन होती, आणि दुसरंही होतं. लोकांना कळलं की गोकुळा बहिरी होती, तर ते म्हणतील, मग तो डब्बा नुसतं ढोंग. बाजारात सांगायची ते साता समुद्रापलीकडचे लोक, त्यांचं जागरण, सगळं ढोंग. बहिरी बुढी गाणे ऐके म्हणे. आईचं तेवढंच एक होतं जे तिने स्वतःसाठी केलं होतं.

तेरवीचा दिवस आला. आमच्या मोहल्ल्यात रीत अशी की मरणाच्या वेळी जी जवळ होती तिला घरच्यांनी पहिलं वाढायचं. तिने पहिला घास घेतला की पंगत बसते. मांडवात पत्रावळ्या मांडल्या होत्या. काकी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि मांडवाच्या खांबाजवळ उभी राहिली. कोणी तिला आत या म्हटलं नाही.

मुखरूभाऊ म्हणाले, "धनराज, घरचा तू. वाढतोस का नाई ते सांग. लोक भुकेले आहेत."

धनराजच्या हातात भाताची परात होती. तो काकीकडे न बघता म्हणाला, "मी नाई वाढत तिले. दुसऱ्या कोनाले बसवा."

"बाबू," काकी म्हणाली, "आज नाई वाढलं तं मंग कोनीच नाई वाढनार मले. तुले माहीत आहे."

"माहा काय दोष? हाक तुले मारता नाई आली."

मागून कोणीतरी हळूच "हूऽऽ" केलं. दोनचार जण हसले. काकीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जायला वळली. तिच्या पाठीवर लुगडं अजून थोडं ओलं होतं.

मी उठून धनराजच्या हातातली परात घेतली. जड होती, गरम होती. आई गेल्यापासून काही गरम लागल्याचं मला आठवत नव्हतं.

"काकी, थांब," मी म्हटलं. मग सगळ्यांकडे वळले. "आईले आयकू येत नोयतं. कितीक वर्षांपासून. मले माहीत होतं, तिनं आन घातली होती. काकीनं हाक देली. आईनं ती आयकलीच नाई, ती आपल्या मनानंच हाळी दे."

धनराज माझ्याकडे बघत होता.

"पन गाने आयके," मी म्हटलं. "डब्ब्यातले गाने ते खरंच आयके."