घर निवडण्याचा हक्क

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. चहूकडे वाळलेलं गवत, नजर पोहोचेल तिथवर एक झाड नाही, आणि मधोमध एक लष्करी छावणी. अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावर नोव्हेंबरचं वारं सुटलंय. नऊ दिवस खेचरगाडीत हाडं खिळखिळी करून तुम्ही इथे आलात, आणि आपलं घर कोणतं तेच अजून ठाऊक नाही. दहा वर्षांच्या ऑर्फाचं अगदी तसंच झालं होतं.

तिचे वडील लायसँडर ट्रूझडेल घोडदळात कॅप्टन होते. विसाव्या वर्षी ते युद्धावर गेले. तेविसाव्या वर्षी युद्धापुरती बढती मिळाली आणि लोक त्यांना कर्नल म्हणू लागले. युद्ध संपलं, फौज आटली आणि ते पुन्हा लेफ्टनंट झाले. मग कॅप्टन. त्यालाही आता अठरा वर्षं झाली होती. गुडघ्यात जुनी गोळी, छातीत खोकला. "आणखी एक हिवाळा ओलीत काढलात, तर फौज तुम्हाला घरी पाठवेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

छावणीचा रिवाज असा, की नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या कुणाचंही घर मागावं आणि त्याने ते मुकाट्याने सोडावं. ऑर्फाच्या घरच्यांना असं पाच वेळा उठवलं होतं. या वेळी निवडायची पाळी त्यांची होती. रिकामं होतं फक्त मातीच्या छपराचं एक गळकं खोपटं. कोरडं घर होतं लेफ्टनंट पर्डीचं.

"तेच घ्यायचं," ऑर्फाची आई केझाया वाटेतच म्हणाली. "मला उठवताना कुणी विचारलं होतं?"

"बघू या."

"अहो, अठरा वर्षं तुमचं 'बघू या'च ऐकतेय मी!"

दार पर्डीनेच उघडलं. "या साहेब. आम्ही आवरतोच आहोत."

आत त्याची बायको स्टुलावर चढून एका हाताने पडदा काढत होती. दुसऱ्या हातावर पाच दिवसांचं बाळ. शेगडीजवळ पावाचं पीठ फुगत ठेवलेलं.

आई त्या पिठाकडे बघतच राहिली. ॲरिझोनात तिचं पीठ असंच फुगत असताना एका मेजरची बायको खिडक्यांची मापं घ्यायला आली होती. ते पीठ तसंच टाकून त्यांना निघावं लागलं होतं.

"खाली उतरा बाई, पडाल," कॅप्टन म्हणाले. बाई उतरली. पडदा तिच्या हातून जमिनीवर पडला. कॅप्टन खुर्चीत टेकले आणि बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"पर्डी, त्या खोपटावर ताडपत्री टाकायला दोन माणसं मिळतील?"

"सांगून ठेवलीत साहेब. आम्ही आजच तिकडे..."

"तुम्ही नाही. आम्ही."

"अहो, आणि तुमची छाती?" आई म्हणाली.

"दमलोय गं मी. उठून उठून दमलो, आता दुसऱ्याला उठवायचं बळ नाही. तूच सांग, उठवू यांना?"

दारातून वारा येत होता. आईने वाकून पिठावरचं फडकं नीट केलं.

ऑर्फाने जमिनीवरचा पडदा उचलला, झटकला, आणि स्टुलावर चढून तो पुन्हा खिडकीला टांगला.