कुजू द्या, सडवू नका

मी एक जुना निळा ड्रम आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना आवाज गोड ठेवायचा असतो म्हणे. मला ते जमणार नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे, आणि तो का झाला हे तुम्ही ऐकून घ्याच.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकूड चिकटवायचा गोंद भरून मला एका सुताराच्या दुकानात पाठवलं. गोंद संपला, तसा मी भुशाचा झालो. करवतीचा भुसा, रंध्याने निघालेल्या कुरळ्या ढलप्या, सगळं माझ्याच पोटात. त्या सुताराला सगळे आप्पा म्हणत. हात थकले तेव्हा आप्पांनी दुकान बंद केलं आणि अवजारं वाटून टाकली. मला मात्र त्यांनी भुशाच्या पोत्यांसकट घरी आणलं.

मागच्या गॅलरीत, आप्पांच्या खोलीच्या खिडकीखाली मला जागा मिळाली. आप्पांनी एक गिरमिट तेवढं जपून ठेवलं होतं. त्याने माझ्या अंगभर भोकं पाडली, बुडालाही एक पाडलं आणि मला विटांवर उभं केलं. कचऱ्याच्या ड्रमला कुणी भोकं पाडतं का, वास नाही का येणार, असं त्यांच्या मुलाने विचारलं. तेव्हा आप्पा म्हणाले, "अरे, वारा मिळाला की कुजतं. वारा कोंडला की सडतं. कुजणं वेगळं, सडणं वेगळं."

काय दिवस होते ते! भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा आला की त्यावर आप्पा मूठभर कोरडा भुसा पसरायचे. खरकटं आणि नासकं दूध मला वर्ज्य. टेबलाच्या एका मोडक्या पायाने ते मला तळापासून ढवळायचे. माझ्या अंगाला ओल्या मातीचा वास यायचा. आधी नाक मुरडणारी शेजारीण पुढे स्वतःच्या गुलाबासाठी माझं खत मागायला येऊ लागली. घरात पाहुणे आले की आप्पा त्यांना बैठकीच्या खोलीआधी मला दाखवायचे.

मग आप्पा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेला खिळले. इथून माझे हाल सुरू झाले. भुशाची पोती माळ्यावर गेली. ढवळायला कुणाला सवड नव्हती. जो येईल तो ताटातली आमटी, फाटलेलं दूध, शिळा भात माझ्यात ओतून हात झटकायचा. वास सुटला. सुटणारच! तुमच्या पोटात कुणी असं कोंबलं असतं तर तुम्ही काय अत्तर सोडलं असतं?

आप्पांचा मुलगा कचेरीत मोठा साहेब. त्याने अक्कल चालवली. वास भोकांतून येतो ना, मग भोकंच बुजवा! त्याने रुंद चिकटपट्टी आणली आणि माझं एकेक भोक बंद केलं. बुडाच्या भोकात बूच ठोकलं, आत फिनेल ओतलं, झाकणावर दगड ठेवला आणि वर हात धुऊन मोकळा झाला. आपलं ठेवायचं झाकून, ही माणसांची जुनी खोड. मला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आतलं पाणी निघेना, बाहेरचा वारा शिरेना. माझ्या पोटात जे काही गुमान कुजत होतं, ते सगळं सडायला लागलं. झाकणाच्या फटीतून जी घाण निघायची, ती सरळ वरच्या खिडकीतून आप्पांच्या खोलीत शिरायची.

आता ऐका या लोकांचा हिशोब. ड्रम तर बंद केला आहे, तेव्हा वास ड्रमचा नाही. वास आप्पांच्या खोलीत येतो, तेव्हा वास आप्पांचा.

चोर सोडून संन्याशाला सुळी! सूनबाईंची मावशी आली होती, नाकाने कांदे सोलणारी. ती दारातूनच पदर नाकाला लावून परत फिरली. त्यानंतर आप्पांच्या चादरी दिवसातून दोनदा बदलू लागल्या आणि खोलीत सुगंधी फवारे उडू लागले. तरी वास हटेना. शेवटी मुलाने जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करायला घेतली. रविवारी आप्पांची खाट तिथे न्यायची, असं ठरलं. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

आणि आप्पा? अहो, ज्यांनी मला वाऱ्याचं महत्त्व शिकवलं, त्यांनाही ते खरं वाटू लागलं! खाटेवरून त्यांना माझं झाकणही दिसत नव्हतं. आपलंच अंग वास मारतं असं समजून त्यांनी पाणी पिणं सोडलं. चादर ओली होऊ नये म्हणून. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या. एके दिवशी उशी सारखी करणाऱ्या सूनबाईंना ते हळूच म्हणाले, "रविवारपर्यंत कशाला थांबता? आजच न्या मला खाली. मी सडतोय गं."

खिडकीखाली मी सगळं ऐकत होतो. मला तोंड असतं तर असा ओरडलो असतो की वरच्या मजल्याच्या काचा फुटल्या असत्या.

सूनबाई आप्पांची काढलेली चादर घेऊन गॅलरीत आल्या. बादलीत बुडवण्याआधी का कोण जाणे, त्यांनी ती नाकाशी धरली. नुसती पावडर आणि खोबरेल. त्यांनी चादर पुन्हा हुंगली, सगळीकडून हुंगली. मग त्या माझ्यापाशी आल्या, खाली वाकल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला.

त्यांनी दगड ढकलला, नखांनी चिकटपट्ट्या ओरबाडल्या, बूच उपटलं. काळं पाणी भळाभळा त्यांच्या पायांवर आलं. त्यांना उमासे येत होते, पण त्या हलल्या नाहीत. पाय धुऊन त्या पेला भरून आप्पांच्या खोलीत गेल्या.

"आप्पा, सडत होता तो ड्रम. आम्हीच त्याला सडवलं," त्या म्हणाल्या. त्यांनी पेला पुढे केला. "तुम्ही पाणी प्या."

आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी घटाघट पिताना गळ्यावर सांडलं, चादरीवर सांडलं. त्या दिवशी ती ओली चादर बदलायची घाई कुणी केली नाही.

संध्याकाळी साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि माळ्यावरचा भुसा उतरवला. खाटेचं तोंड खिडकीकडे झालं होतं. घाण चिखलात किती भुसा घालायचा, तळापासून कसं हलवायचं, हे आप्पा उशीला टेकून सांगत होते आणि मुलगा मान खाली घालून ढवळत होता. हळूहळू माझ्या अंगाला पुन्हा मातीचा वास येऊ लागला. जिन्याखालच्या खोलीत अडगळ परत गेली.

आप्पांनी सगळ्यांना माफ करून टाकलं. मी नाही केलं. मित्रांनो, तुमच्या घरातही कधी वास सुटेल. तेव्हा ओल्यावर कोरडं घाला, ढवळा, वारा खेळू द्या. तेवढंही होत नसेल तर खुशाल मला शिव्या घाला, मी ड्रम आहे, मला चालतं. पण खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून नाकाला पदर लावू नका. तो बघत असतो, आणि मग तो पाणी मागत नाही.