सात लिटरांचे भाडेकरू

खारूला दुकानात शिरायचंच नव्हतं. बाबांनी एका हातानं तिला आणि दुसऱ्या बगलेत रिकामी काचेची टाकी धरून जवळजवळ ओढतच आणलं. टाकी अगदी लहान, सात लिटर पाण्याची. अभ्यासाच्या टेबलावर दप्तराशेजारी सहज मावणारी.

"माझ्याकडे काही जगत नाही," खारूनं दारातच सांगून टाकलं.

माशांच्या दुकानातल्या काकींनी चष्मा कपाळावर सरकवला. समोरची मुलगी आठ-नऊ वर्षांची, आणि डोळे काठोकाठ भरलेले. आठ दिवसांत दोन मासे गेले होते.

"बरं. तू काय काय केलंस ते सांग. मी रागावणार नाही."

"रोज सगळं पाणी बदललं. टाकीतले खडे साबणाच्या पावडरीत भिजवले. फिल्टरचा स्पंज उकळला."

काकींनी टाकीत नाक घातलं. "तरीच लिंबाचा वास येतोय!"

"मीच शिकवलं तिला," बाबा अभिमानानं म्हणाले. "आमची लाँड्री आहे. आमच्या हातून डाग म्हणून सुटत नाही."

"अहो, मासे म्हणजे काय शर्ट आहेत?" काकी हसल्या. मग खारूकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "चूक झाली हे खरं बाळा, पण ती काळजी घेता घेता झाली. त्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांच्या घाणीतलं विष ते संपवतात. तू त्यांनाच धुऊन काढलंस."

खारूनं नाक पुसलं. जरा वेळानं तिचं बोट एका लठ्ठ सोनेरी माशाकडे गेलं.

"तो वाढून तुझ्या हाताएवढा होईल. तुला कपाटात राहायला सांगितलं तर?"

"मग हे पट्टेवाले? इवलेसे तर आहेत."

"ते घोळक्यानं पळतात. यांना मैदान लागतं, आणि आपल्याकडे आहे खोली."

खारू एकेका काचेशी थांबत पुढे सरकली. कोपऱ्यात नखाएवढ्या लाल कोळंब्या शेवाळावर बसून दोन्ही हातांनी भराभरा जेवत होत्या. बघता बघता तिला हसू फुटलं.

"सहा कोळंब्या आणि एक गोगलगाय," काकी म्हणाल्या. "पण लगेच नाही. पाणी भरून, फिल्टर लावून टाकी महिनाभर तशीच चालू ठेवायची, म्हणजे ते न दिसणारे जीव परत येतील. काच हिरवी होईल. ती पुसायची नाही, तेच त्यांचं जेवण."

"पुसायची नाही?" बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तो महिना बाबांना फार जड गेला. टेबलाजवळून जाताना त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे जाई.

"बाबा, फडकं!"

"अगं, नुसतं बघतोय!"

महिन्यानं काकींनी पाणी तपासून मान डोलावली आणि नवे भाडेकरू घरी आले. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या सकाळी खारूला तळाशी एक कोळंबी निपचित पडलेली दिसली. पाय, मिशा सगळं जागच्या जागी, फक्त रंग उडालेला.

"बाबा, सगळ्या परत देऊन या. मला नकोत. मी पुन्हा मारलं."

बाबांनी काकींना फोन लावून तिच्या हातात दिला. तळाशी काय पडलंय ते तिनं हुंदके देत सांगितलं.

"आधी मोज," काकी म्हणाल्या. "मग रड."

एक, दोन, तीन... पाच. खारूनं पुन्हा कोपरान् कोपरा शोधला. एवढ्यात गोगलगायीच्या पाठीमागून लाल मिशा हलल्या.

"सहा! काकी, सहाच्या सहा आहेत! मग हे काय आहे?"

"तिचा जुना अंगरखा. अंग वाढलं की तो घट्ट होतो, मग त्या काढून टाकतात. तुझ्याकडे येऊन चौथ्या दिवशी वाढली बघ."

बाबा फोनकडे वाकून म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक कपडे टाकून पसार!" आणि सवयीनं चिमटा घेऊन तो अंगरखा उचलायला निघाले.

खारूनं त्यांची बाही पकडली. "राहू दे बाबा. त्यांना खायचा असेल ना, काकी?"

"अगदी बरोबर. कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही," खारू म्हणाली, आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. शाळेला निघेपर्यंत तिनं कोळंब्या पुन्हा मोजल्या नाहीत.