गिलाव्याखाली

"नुसता रंग मारला की झालं, मॅडम," एजंट ओम म्हणाला.

भाग्यश्रीने तरीही खिडकीखालची भिंत नखाने खरवडून पाहिली. पोपडा निघाला नाही. तिला हायसं वाटलं आणि लगेच पुन्हा धाकधूक सुरू झाली.

एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती सतरा वर्षं लोकांचं रक्त तपासत होती. नवऱ्याचं, ललितचं, कंपनीतलं कंत्राट मार्चला संपणार होतं. ते कळल्यापासून तिने ध्यास घेतला होता की जुना, छोटा फ्लॅट घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि भाड्याने द्यायचा. चार महिने दर रविवारी ती घरं बघत होती. रंगाचे, नळांचे, वायरिंगचे भाव तिला तोंडपाठ झाले होते. जेवतानाही ती मोबाइलवर बेरजा करायची.

सातपूरचा हा वन-बीएचके पहिल्यांदाच आवाक्यात बसत होता. स्टॅम्प ड्यूटी, दलाली, दुरुस्ती, सगळं धरूनही. टोकनचा चेक पर्समध्ये होता आणि ती पर्सची चेन सारखी उघडत-लावत होती.

"काका, मी चेक देऊनच टाकते," ती एकदम म्हणाली. उद्यावर टाकलं तर धाडस टिकणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

घरमालक गोटीराम, निवृत्त फिटर, काठी टेकत पुढे आले.

"ताई, आधी जरा बाथरूममध्ये या."

"पाहिलंय त्यांनी बाथरूम," ओम म्हणाला.

गोटीरामांनी काठीने छत ठोकलं. पोकळ आवाज आला.

"वरच्यांचं पाणी झिरपतंय. सळया गंजल्यात. दिवाळीत मीच गिलावा करून झाकलं. घर इकायचं व्हतं ना."

"काका, कशाला सांगता हे?" ओम म्हणाला.

"मागं ह्याचाच तुकडा आमच्या मंडळीच्या हातावर पडला. मनगट कायमचं वाकडं झालं. मरेपर्यंत तिला भाकरी थापता आली नाय." ते भाग्यश्रीकडे वळले. "तुम्ही भाड्यानं देणार. उद्या कोणाचं लेकरू आंघोळीला बसंल इथं."

तिने तिथेच मोबाइल काढला. स्लॅबची दुरुस्ती, शिवाय वरच्यांचं बाथरूम फोडून नवं.

"वरचे तयार होतील?"

"सहा वर्षं मागं लागलोय. नाय होत."

तिने आकडे पुन्हा टाकून पाहिले. मग स्लॅबचा खर्च वगळून पाहिला. बेरीज कमी झाली, पण आता तिची नजर सारखी वर छताकडेच जात होती.

"मला नाही जमणार, काका."

"बरोबर हाय तुमचं."

"पण तुम्हालाही गरज असेल ना?"

"हाय की. गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, मग पोरीकडं पुण्याला." बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

ओम वैतागला होता. "पाचला मालेगावची पार्टी येतेय. त्यांच्यासमोर तरी गप्प बसा."

गोटीराम काठी टेकत आत गेले.

भाग्यश्री जिना उतरू लागली. आपली सुटका झाली की हातची संधी गेली, तिला कळेना. उद्यापासून पुन्हा जाहिराती बघायच्या होत्या. ती पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा वरून हातोडीचा घाव ऐकू आला. मग आणखी एक. गिलावा फरशीवर पडत होता.

"अहो काका, काय करताय?" ओमचा आवाज आला.

घाव थांबले नाहीत. भाग्यश्री कठडा धरून तिथेच उभी राहिली.