मशीनचं बटन

कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गोधडी घालू नये हे मंजुषाला चांगलं ठाऊक होतं. तरी घातली. गोधडी पिळताना मशीन धडधडलं, तेवढ्यात लाईट गेली आणि झाकण जे अडकलं ते उघडेना. मशीन जुनं, बीडहून बदली झालेल्या एका मास्तरांकडून घेतलेलं. चौसाळ्यात मेकॅनिक मिळालाही असता, पण तिच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्याचं दुकान बियाण्यांचं, पण मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले की हा गडी कशाचाही मिस्त्री व्हायचा.

त्यानं पेचकस घेतला आणि मशीनपुढं बसला. "बटन बंद हाय ना गं?"

"हाय," मंजुषा भाकरी थापता थापता म्हणाली. मान काही तिनं वर केली नाही.

झाकणाच्या फटीतून त्यानं पेचकस सरकवला, लॉकची आतली जीभ दाबली आणि झाकण कट्‌कन वर आलं.

"उघडलं, पण लॉक आतून तसंच अडकून हाय," तो खुशीत सांगू लागला. "मशीनला वाटतंय झाकण बंदच हाय. बटन चालू असतं अन्‌ लाईट आली असती, तर उघड्या झाकणानं फिरलं असतं. हात मोडतो माणसाचा." एवढं शहाणपण सांगून त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. ओली गोधडी मधल्या दांड्याला गुंडाळली होती. पकड यावी म्हणून तिचं टोक त्यानं मनगटाला वेढे देऊन बांधलं.

मंजुषाचा हात परातीत थांबला. बटन खरंच बंद केलं होतं का? लाईट गेली की गावात कोण बटनं बंद करतं? चालू ठेवली तरच लाईट आल्याचं कळतं. बोर्ड दाराआड होता, बसल्या जागेवरून दिसत नव्हता.

ओरडावं, तर तो म्हणणार, मग 'हाय' कशाला म्हणालीस? त्या बोलण्याला ती घाबरली, आणि नवऱ्याच्या हातापेक्षा आपल्याला त्याच्या बोलण्याची भीती वाटतेय याची तिला लाज वाटली. ती पिठाच्या हातांनीच उठली.

"कुठं चाललीस?"

"पाणी घ्यायला."

दुसरं खोटं. तिनं दाराआड पाहिलं. बटन चालू होतं.

बटन बंद करून बोट उचलते न उचलते तोच डोक्यावरचा पंखा गरगरला आणि शेजारची गिरणी सुरू झाली. ती भिंतीला टेकली.

परमेश्वरचा हात अजून आतच होता. "आली वाटतं लाईट," तो हसला. "दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हात घातला नसता. तू म्हणालीस, मग मी बघायलासुदिक उठलो न्हाई."

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण उद्या तो पुन्हा असंच विचारणार आणि पुन्हा न बघता हात घालणार.

"चालू होतं," ती म्हणाली. "आत्ता बंद केलं मी. लाईट यायच्या जरा आधी."

मनगटाचे वेढे परमेश्वरनं एकेक करून सोडवले, हात बाहेर काढला, बोटं उघडून मिटून पाहिली. मग उठला, तिच्या बाजूनं पुढं गेला आणि बटन बंद आहे का ते स्वतः बघून आला.