अध्यक्षांचं एक मत

मतं सारखी पडली आणि सभागृहातल्या सगळ्या माना अहल्याबाईंकडे वळल्या. एरवी अध्यक्षांना मत नसतं. असं अडलं की मिळतं.

विधेयक मालनबाईंचं होतं, शिलाईच्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचं करणारं. खरं तर दोघींचं. आमदार झाल्यापासून बंगळूरच्या मल्लेश्वरमहून विधानसौधला दोघी एकाच गाडीतून यायच्या, आणि गाडीतच भांडत भांडत त्याचं एकेक कलम ठरलं होतं. मग अहल्याबाई अध्यक्ष झाल्या. पक्षाच्या बैठका सुटल्या, कॅन्टीन सुटलं, गाडी वेगळी झाली. जेवणसुद्धा दालनात एकटीनं, जुन्या अध्यक्षांच्या तसबिरींसमोर. त्यातला एकही कधी मीठ द्या म्हणाला नाही.

पुढच्या बाकावरून मालनबाई बघत होत्या. अगदी निश्चिंत. तेच अहल्याबाईंना जड गेलं.

रिवाज असा, की अध्यक्षांनी आपल्या एका मतानं नवं काही घडवायचं नाही, आहे ते राहू द्यायचं. बदल हवा तर सभागृहानं स्वतःच्या बहुमतानं करावा. रिवाज मोडला म्हणून कुणी शिक्षा करत नाही. पण आज आपल्या माणसासाठी मोडला, तर उद्या या खुर्चीचं कोण ऐकणार?

"अध्यक्षांचं मत विरोधात," त्या म्हणाल्या. "विधेयक नामंजूर."

मालनबाईंनी मान खाली घातली.

संध्याकाळी दोघी विधानसौधच्या पायऱ्यांवर भेटल्या.

"मालन, चल. घरी सोडते."

"नको अक्का. मेट्रोनं जाते."

"रागावलीस?"

"मग काय ओवाळू तुला?" मालनबाईंनी पदर सारखा केला. "पण ते नाही. तुझ्या गाडीत बसले तर लोक म्हणतील, दोघी एकच. मग आजचं तुझं मत फुकट गेलं की."

"माझ्या जागी तू असतीस तर?"

"मी बसलेच नसते तिथं. मला गप्प राहणं जमत नाही. पुढच्या अधिवेशनात पुन्हा आणते. स्वल्प जास्त माणसं जमवते, तुझ्यावर ही वेळच यायला नको."

"मी कुणाशी बोलून बघू?"

"तू बोलायचं नाहीस," मालनबाई हळूच म्हणाल्या. "सरी, ठीक आहे, निघते."

खाली चार आमदारांनी त्यांना गाठलं. कुणीतरी काही बोललं, मालनबाई खळखळून हसल्या. काय बोललं असेल ते ऐकायला अहल्याबाई नकळत दोन पायऱ्या उतरल्या. त्यांना पाहून सगळे गप्प झाले आणि अदबीनं बाजूला सरकले. मालनबाईसुद्धा.

अहल्याबाईंनी हात जोडले आणि त्या मोकळ्या वाटेनं गाडीपर्यंत गेल्या.